मोजेवाला गोचीड

काशीतल्या बालाजी घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत शरदिनीबाई दिसल्या की कुत्री दोन तऱ्हांनी वागत. निम्मी शेपूट घालून पळत, आणि निम्मी जागच्या जागी आडवी होऊन कान पुढे करत. बाईंच्या उजव्या हातात चिमटा असे आणि डाव्या हातात होमिओपॅथीच्या साखरगोळ्यांची रिकामी बाटली. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात चौतीस वर्षं त्यांनी स्पिरिटमधले साप, विंचू आणि दोन डोक्यांचं एक कोकरू सांभाळलं. निवृत्त झाल्यावर कोकरू तिथेच राहिलं, चिमट्याची सवय मात्र घरी आली. कुत्रा, बकरी, म्हैस, गल्लीतला सांड, ज्याच्या अंगावर गोचीड दिसेल त्याचा तो काढायचा, बाटलीत घालून स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि वर चिठ्ठी चिकटवायची: ‘यादवांची म्हैस, डावा कान, चैत्र वद्य तृतीया.’ अशा चारशे बाटल्या त्यांच्या खोलीत होत्या. एकदा म्हणे त्यांनी चालत्या सांडाच्या शेपटीखालचा गोचीड असा अलगद काढला, की सांडाने मान वळवून आशीर्वाद दिला. आशीर्वादाचं विश्वनाथ जाणे. पण तो सांड पुढे रोज सकाळी त्यांच्या दारात रांग लावून उभा राही, आणि एकट्यानेच रांग लावायची म्हणजे काय, ते त्या गल्लीत यावं आणि पाहावं.

त्यांचे थोरले बंधू वेणीमाधव गुरुजी. यात्रेकरूंचे विधी करायचे, आणि आवाज असा कमावलेला, की घाटावर संकल्प सोडला तर गंगेपलीकडच्या रेतीतले उंट माना वर करून तिथी ऐकून घेत. नावाड्यांनी म्हणे त्यांच्यामुळे भोंगे काढून टाकले होते. गुरुजींना बहिणीच्या बाटल्यांचा भारी राग.

“शरू, लोकांच्या घरात देव असतात, शंख असतात. आपल्या घरात काय? तर म्हशीच्या कानातले किडे!”

“किडे नव्हेत, दादा. किड्याला पाय सहा. ह्याला आठ. हा कोळ्याच्या भाऊबंदांतला.”

“मग त्याला भाऊबीजेला ओवाळ!”

अशी ती दोघं. पण एका बाबतीत दोघांचं एकमत होतं, आणि ते एकमत चार पायांचं होतं. चंद्री. कपाळावर चंद्रकोर असलेली, भुऱ्या रंगाची, पाच वर्षांची गाय. ती अकरा दिवसांची असताना तिची आई गेली. तेव्हा शरदिनीबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. दर तीन तासांनी, सव्वा महिना. स्वतःला मूलबाळ नसलेल्या बाईने तिच्यासाठी अंगाईसुद्धा म्हटली, असं गुरुजींच्या पत्नी अन्नपूर्णावहिनी सांगत. आता चंद्रीला दोन महिन्यांची कालवड होती. वसुबारशीला तिथली सगळी मराठी घरं चंद्रीच्या पूजेला येत, कारण गुरुजींनी चहूकडे सांगून ठेवलं होतं, “शुद्ध गंगातीरी! अशी गाय काशीत आता शोधून सापडायची नाही.”

हे वाक्य आलं की शरदिनीबाई काहीतरी काम काढून आत जात. का, ते पुढे येईलच.

त्या वर्षी वसुबारस सहा दिवसांवर आली आणि चंद्रीने वैरणीकडे पाठ फिरवली. षष्ठीच्या सकाळी तिचे कान इतके तापले होते, की अन्नपूर्णावहिनी म्हणाल्या, “वन्सं, ह्यावर फुलका फुगेल हो!” डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि दूध निम्म्यावर. गुरुजींनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर चौबेंना बोलावलं. चौबे तरुण, हुशार, तोंडात पान, आणि मोटरसायकल अशी की घाटाच्या पायऱ्यासुद्धा चढेल असा त्यांचा दावा. ताप पाहिला. एकशे सहा.

“पेशाब का रंग देखे हैं, माताजी?”

वहिनी हुशार. डॉक्टर हे विचारणार हे जाणून त्यांनी पहाटेच तांब्या धरून नमुना घेऊन ठेवला होता. तो त्यांनी पुढे केला. तांब्यात लालभडक.

डॉक्टरांनी पान गालाच्या दुसऱ्या बाजूला सारलं. “लाल पेशाब. किलनी का बुखार है. किलनी खून में कीड़ा छोड़ देती है, वह खून के दाने फोड़ता है, और वही लाली नीचे उतरती है. गाय देसी है न?”

“शुद्ध गंगातीरी!” गुरुजी गरजले. पलीकडे उंटांनी माना वर केल्या असाव्यात.

शरदिनीबाई गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. लाल लघवी तर समोरच होती. गोचीड-तापाचे प्रकार दोन. एकात लघवी लाल होते, दुसऱ्यात होत नाही. दोन्हींची औषधं वेगळी. लाल असेल तर पहिला. ह्यात गाय देशी की आणखी कशी, ह्याने काय फरक पडतो, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. डॉक्टरांनी सुई दिली आणि ते गेले.

सप्तमीला ताप तसाच. अष्टमीला चंद्री बसली ती उठेना. कालवड दाव्याला हिसके देऊन हंबरत होती आणि आई तिच्याकडे मानसुद्धा वळवत नव्हती. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडलेल्या. गुरुजी तिच्या उशाशी बसून जप करत होते, आणि काशीत पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला नाही. शेजारी घाबरून विचारायला आले.

शरदिनीबाईंनी चंद्रीच्या मानेवरून हात फिरवला. खांद्याच्या पुढे, कातडीखाली, त्यांच्या बोटांना एक गाठ लागली. चांगली लिंबाएवढी. दुसऱ्या बाजूला तशीच. त्यांनी पदर खोचला, चष्मा कपाळावर सारला, भिंग डोळ्याला लावलं आणि सरळ कासेखाली आडव्या झाल्या.

“अगं अगं, काय करतेस?”

“दादा, बाजूला हो. उजेड अडवू नकोस.”

कासेच्या मागच्या बाजूला, मऊ कातडीत, सात गोचीड होते. बाईंनी एक काढून तळहातावर घेतला. तांबूस-तपकिरी, तोंड लांब, सोंडेसारखं. आणि पाय! प्रत्येक पायावर पांढुरके आडवे पट्टे, जणू हिवाळ्यात कुणी आठही पायांत विणलेले मोजे घातलेत. हातावर ठेवताच तो असा पळत सुटला की बाईंना त्याला कोपरापाशी गाठावं लागलं.

लाल लघवीचा ताप आणतो तो गोचीड हा नव्हे. तो आखूड तोंडाचा, साध्या फिकट पायांचा, रक्त पिऊन निळसर वाटाण्यासारखा फुगणारा, आणि जन्मभर एकाच जनावराला चिकटून राहणारा गडी. हा मोजेवाला दुसऱ्याच तापाचा. ह्याच्या तापात गाठी सुजतात, रक्त आटतं, आणि वेळेवर योग्य औषध मिळालं नाही तर आठवड्याभरात जनावर जातं. चंद्रीचा तिसरा दिवस होता.

पण मग लघवी लाल कशी?

त्या विचारातच होत्या तेवढ्यात चंद्रीने बसल्या जागीच लघवी केली. धार फरशीवरून वाहत मोरीकडे गेली. बाईंनी वाकून पाहिलं. गवताच्या काडीसारखी पिवळी. लालीचं नाव नाही.

“वहिनी! परवा तुम्ही नमुना कशात धरलात?”

“आपल्या ह्या तांब्यात. का हो वन्सं?”

“त्याआधी ह्यात काय होतं?”

“काय असणार? चंद्रीच्या अंगाला लावायला लेप कालवला होता. कडुलिंब आणि हळद. गोचिडांवर चांगली म्हणून. मग खळखळून विसळला की!”

शरदिनीबाई गोठ्यातच, आजारी गाईशेजारी, खो खो हसत सुटल्या. वहिनींना वाटलं, काळजीने ह्यांचं डोकं फिरलं.

“वहिनी, पिवळ्या हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं?”

“लाल होतो मेला. ह्यांची किती उपरणी गेली—” वहिनी बोलता बोलता थांबल्या. त्यांनी तांब्यात पाहिलं. कडेच्या वळणात, जिथे बोट पोचत नाही, तिथे पिवळी रेघ होती. गाईच्या लघवीत तसाच खार असतो, साबणासारखा. “अगं बाई!”

बरोबर त्याच वेळी गल्लीत मोटरसायकलचा आवाज आला. डॉक्टर चौबे दुसरी सुई भरूनच उतरले.

“डॉक्टरसाहब, सुई रखिए,” शरदिनीबाई दारात आडव्या आल्या.

“बुआजी, देर मत कीजिए. गाय जा रही है.”

“गलत दवा से और जल्दी जाएगी.”

गुरुजी उठून उभे राहिले. “शरू! डॉक्टर कोण आहे, तू की ते?”

“डॉक्टर ते आहेत, दादा. मी फक्त नोकरी केली, तीही मेलेल्या विंचवांची. पण जिवंत म्हशीची लघवी मिळाली तर पाच मिनिटांत खरं-खोटं करून दाखवते.”

आता इथे यादवांची म्हैस आली. तिचं नाव महारानी, आणि स्वभाव नावाला जागणारा. शेजारच्या अंगणात ती रवंथ करत उभी होती. धडधाकट. बाईंनी तांब्यात नखभर हळद लावली, वहिनींनी तांब्या धरला, आणि सगळे महारानीच्या मागे उभे राहिले: डॉक्टर, गुरुजी, यादव, यादवांची बायको, वरच्या खिडकीतून तीन बायका, आणि गल्लीतला तो सांड. महारानीने मागे वळून एवढी सभा पाहिली आणि ठरवलं, आज नाही.

दहा मिनिटं गेली. यादवने बादलीतून पाण्याची धार सोडून आवाज ऐकवला. महारानीने कान हलवले, एवढंच. डॉक्टरांनी दुसरं पान तोंडात टाकलं. गुरुजींना वाटलं आपणच काहीतरी केलं पाहिजे, म्हणून त्यांनी गंगेचं एक स्तोत्र सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला वरच्या खिडकीतल्या बायकांना उठून आत जावं लागलं, असा परिणाम झाला; पण म्हैस ढिम्म.

“चलिए, हो गया,” डॉक्टर वैतागून वळले. सगळेच वळले. आणि जशी सगळ्यांची पाठ फिरली, तशी महारानीने शेपूट उचलली.

साठी उलटलेल्या, गुडघ्यांनी रोज कुरकुरणाऱ्या अन्नपूर्णावहिनी त्या दिवशी ज्या झेपावल्या, तशी झेप काशीच्या कुठल्याही आखाड्यात आजवर कुणी घेतली नसेल. तांब्या हातभर पुढे, लुगडं ओलं, पण नमुना पुरता आत! आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तांब्यातलं पिवळं पाणी तांबूस झालं, मग लाल, मग परवा चंद्रीचं होतं तसंच लालभडक.

यादवची बायको किंचाळली, “हाय दइया, हमरो भैंस बीमार हो गइल!”

“कुछ नहीं हुआ तेरी भैंस को,” बाई म्हणाल्या. “हल्दी है.”

डॉक्टर चौबे तांब्यात बघत राहिले. पान चघळायचं थांबलं. शिकलेला माणूस होता. त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. पण शिकलेला असल्यामुळेच त्याच्याकडे आणखी एक प्रश्न होता. बाईंनी त्याच्यापुढे दोन बाटल्या धरल्या. एकीत महारानीच्या कानातला निळा वाटाणा, दुसरीत चंद्रीच्या कासेचा मोजेवाला. त्याने भिंगातून पाहिलं, मान हलवली, गोठ्यात जाऊन चंद्रीच्या मानेवरच्या गाठी चाचपल्या, पुन्हा मान हलवली.

“बुआजी, किलनी आप ठीक पहचान रही हैं. लेकिन यह वाला बुखार देसी गाय को ऐसा नहीं पटकता. गंगातीरी तो हज़म कर जाती है. जर्सी होती, दोगली होती, तो मैं पहले दिन यही सोचता. उसकी दवा बहुत तेज़ है, मैं ऐसे ही कैसे ठोक दूँ?”

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी छाती पुढे काढली. “शुद्ध—”

“दादा,” शरदिनीबाई म्हणाल्या, “थांब.”

चंद्रीचं डोकं जमिनीला टेकलं होतं. श्वास भात्यासारखा चालला होता. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि पाच वर्षं घशात अडकलेली गोष्ट एका दमात बाहेर काढली.

“तू यात्रेकरूंना घेऊन गयेला गेला होतास, आठवतं? चंद्रीची आई माजावर आली होती. तू सांगून गेला होतास, अमक्याच वळूकडे न्यायची. तो वळू मेलेला निघाला, दादा. दुसरा मिळेना. मग मी कृत्रिम रेतनाची सुई लावणाऱ्याला बोलावलं. त्याच्याकडे एकच माल होता.”

“कसला?”

“जर्सी.”

गुरुजींचा चेहरा आधी लाल, मग पांढरा, मग कुठल्याच रंगाचा राहिला नाही.

“चंद्री... जर्सी?”

“अर्धी.”

“कुठला अर्धा?”

“दूध देणारा.”

वरच्या खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजींना ते ऐकू आलं नाही. “पाच वर्षं! पाच वर्षं मी वसुबारशीला हिचे पाय धुऊन लोकांना तीर्थ दिलं! जोश्यांना दिलं, गोडश्यांना दिलं, पुण्याहून आलेल्या त्या कलेक्टरच्या सासूला दिलं! परवा डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू इथेच होतीस. बोलली का नाहीस?”

“तुझी लाज जाईल म्हणून. आणि माझी.” बाईंचा आवाज बारीक झाला. “परवा बोलले असते तर हिचे दोन दिवस वाचले असते. ते पाप माझं. मला काय बोलायचं ते नंतर बोल, वर्षभर बोल. आत्ता डॉक्टरांना खरं सांग. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ह्या गल्लीत कुणी विश्वास ठेवणार नाही.”

गुरुजी चंद्रीकडे गेले. उकिडवे बसले. चंद्रीने एक डोळा उघडला, जड जीभ बाहेर काढली आणि त्यांच्या धोतराचा काठ चाटला, रोज चाटायची तसाच. जर्सी जीभ होती की गंगातीरी, ते काही त्या काठाला कळलं नाही. गुरुजी उठले, दारात आले, आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा आवाज एकदम सोडला:

“डॉक्टरसाहब! लिखिए! हमारी चंद्री आधी जर्सी है! आधी गंगातीरी, आधी जर्सी, और पूरी हमारी!”

पंचगंगा घाटावर बांधलेल्या दोन होड्या आपोआप सुटल्या असं नावाडी सांगतात. संपूर्ण मराठी वस्तीला बातमी एका दमात पोचली. निरोप धाडायची गरज उरली नाही.

मग घाई उडाली. डॉक्टरांनी चंद्रीच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला, मानेच्या गाठीत सुई घालून त्यातलं पाणी घेतलं, दोन काचपट्ट्या केल्या. गुरुजींची सून मुक्ता रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला होती, पण त्या दिवशी घरी होती. तिने स्कूटी काढली. “आत्या, बैठो. घट्ट पकडा, मी रॉंग साइडने नेणार.” शरदिनीबाई मागे, काचपट्ट्या पदरात, डॉक्टर मोटरसायकलवर पाठोपाठ, आणि स्कूटी अशी निघाली की चौकातल्या सिपाह्याने शिट्टी वाजवायला तोंडात घातली तेव्हा ह्या दोघी मैदागिन ओलांडून गेल्या होत्या.

दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकावर कॅलेंडर आणि हेल्मेट ठेवलेलं होतं. बाईंनी दोन्ही उचललं, काच पुसली, रंगाची बाटली मागितली. चौतीस वर्षांची सवय हातात होती. कंपाउंडर बघतच राहिला. अर्धा तास काचपट्टी रंगात ठेवायची, मग धुवायची, वाळवायची. तो अर्धा तास बाईंनी कसा काढला ते मुक्ताला विचारा. त्या म्हणे भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातल्या कोंबड्या मोजत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि दरवेळी आकडा वेगळा येत होता.

आधी त्यांनी डोळा लावला. गोल पेशी, मोठ्या पेशी, आणि मोठ्या पेशींच्या पोटात, निळ्या शाईचे बारीक ठिपके शिंपडावेत तसे निळे पुंजके. एका पेशीत, दुसरीत, चौथीत. पुस्तकात असतात तसेच.

“देखिए.”

डॉक्टर चौबेंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते बाहेर गेले, पान थुंकून आले, चूळ भरली, आणि बाईंच्या पायांना हात लावला. “बुआजी, परनाम. थेलेरिया है. सोलह आने थेलेरिया.”

औषध दवाखान्यात नव्हतं. मुक्ताने फोनवरून सहा दुकानं पालथी घातली. सातव्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला लंका मोहल्ल्यात, एक कुपी निघाली. ती आणेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. डॉक्टरांनी मानेच्या मांसात सुई खोल दिली, ताप उतरायचं आणि अंगात ताकद यायचं वेगळं औषध दिलं, आणि म्हणाले, आता तीन दिवस वाट बघायची.

वाट बघत बसणं शरदिनीबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी भावाच्या हातात टॉर्च दिला आणि गोठ्याची भिंत दाखवली. दगडांच्या सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या. बाईंनी कोनाड्यातल्या एका फटीत चिमटा घातला आणि मुठीएवढा गठ्ठा बाहेर काढला: टाकलेल्या कातड्या, अंडी, पोरसवदा मोजेवाले.

“हा पोर असताना एका जनावराचं रक्त पितो, खाली उतरतो, भिंतीत राहतो, मोठा होतो आणि दुसऱ्याला धरतो. गाईला कितीही लेप लावा, हा इथे टुकीने नांदतोय. पण दादा, ह्या कोनाड्यात इतके कसे?”

गुरुजी चाचरले. “ते... मीच ठेवत होतो.”

“काय?”

“चंद्रीच्या अंगावरचे काढायचो ना मी कधीकधी. चांगले टपोरे झालेले. गोठ्यात, गाईसमोर, जीवहत्या कशी करायची? म्हणून हळूच उचलून कोनाड्यात ठेवायचो.”

“टपोऱ्या माद्या! एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. तू त्यांना बाळंतपणाला माहेरी आणत होतास, दादा!”

गुरुजींनी धोतराचा काचा मारला. नवमी आणि दशमी हे दोन दिवस त्या माणसाने, ज्याने जन्मात थापी हातात धरली नव्हती, सबंध गोठ्याच्या फटी आधी डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने फवारल्या आणि मग चुना-सिमेंटने बुजवल्या. भिंतीवर लागलं त्याहून जास्त मिशांना लागलं. इतके गोचीड निघाले, की त्यांनी रक्त परत केलं असतं तर चंद्रीसारखी आणखी एक गाय उभी राहिली असती. ही मोजणी गुरुजींची, आणि गुरुजी ह्या बाबतीत आता बहिणीपेक्षा कडक झाले होते.

दशमीला ताप एकशे तीनवर आला. एकादशीला सकाळी एकशे एक. एकादशी म्हणून घरात सगळ्यांचा उपास, आणि चंद्रीने नेमका त्याच दिवशी आपला सोडला. आधी हातभर हिरवा चारा. मग आणखी. मग ती उठून ओसरीपर्यंत आली, आणि वहिनींनी खिचडीसाठी भिजवलेला साबुदाणा तिथे होता, तो पातेल्यासकट. वहिनी रडत होत्या आणि रडता रडता ओरडत होत्या, “खा गं बाई, खा! पातेलं सोड फक्त!” शरदिनीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या हातात चिमटा नव्हता.

द्वादशी. वसुबारस. गुरुजींना मनातून धाकधूक होती. तीर्थ घेतलेले लोक येतील का? आले तर काय बोलतील? दिवेलागणीला गल्लीत पावलं वाजली. जोशी आले, गोडशे आले, शिंदे घाटाकडची मंडळी आली, दरवर्षीपेक्षा दुप्पट. यादव महारानीला सजवून घेऊन आला. डॉक्टर चौबे बायकोला घेऊन आले, आणि त्यांच्यामागे चार माणसं आपापल्या हातांत काड्यापेट्या घेऊन. काड्यापेटीत गोचीड. “बुआजी, ये हमारी बकरी का है.” “बुआजी, ये कुतिया का, देखिए ज़रा, मोज़ा पहिने है कि नहीं?”

“लाइन लगाइए!” डॉक्टर म्हणाले. “पहले पूजा, फिर बुआजी.”

शरदिनीबाईंनी कुत्रीवाल्याची काड्यापेटी तिथेच उघडली, भिंग लावलं आणि निकाल दिला, “कुत्ते वाला है. मोज़ा नहीं. पर कुत्ते को भी बुखार देता है, कल लेकर आइए.” माणूस वाकून नमस्कार करून मागे सरला.

तेवढ्यात पूजा सुरू झाली. गुरुजींनी चंद्रीचे पाय धुतले, गंध लावलं, आणि कालवडीला आईजवळ सोडलं. कालवड कासेला लागली. गुरुजी तिला नीट उभं करायला मागच्या बाजूने वाकले आणि त्यांचा गार ओला हात चंद्रीच्या मांडीला लागला.

चंद्रीने लाथ मारली.

कमकुवत, आजारी गाईची नव्हे. भरल्या अंगाची, सणसणीत, अर्ध्या जर्सीची आणि अर्ध्या गंगातीरीची मिळून पुरी लाथ. पाण्याची घागर वरच्या खिडकीपर्यंत उडाली. गुरुजी उताणे पडले ते थेट ताज्या शेणात. सगळे जागच्या जागी थिजले. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मग शेणात उताणे पडलेल्या गुरुजींनी दोन्ही हात आकाशाकडे केले आणि अशी आरोळी ठोकली, की रामनगरच्या किल्ल्यातली कबुतरं उडून सारनाथपर्यंत गेली:

“शरू! बघितलंस? अगं, काय ताकद आहे पोरीच्या अंगात!”

आणि शरदिनीबाई, हातातलं भिंग, काड्यापेट्या, सगळं टाकून, टाळ्या पिटत, सत्तर वर्षांच्या पायांनी नाचत होत्या, आणि चंद्री मान खाली घालून पूजेच्या ताटातली झेंडूची माळ शांतपणे खात होती.